मोलींचा क्वारंटाईन

नवीन मासे आणले की थेट मोठ्या टँकमध्ये सोडायचे नाहीत, आधी तीन-चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवायचे. नियम एवढाच. पण तो सोलापुरात, भर एप्रिलमध्ये, आई आणि बायको दोघी ऐकत असताना मोठ्यानं बोलून बघा.

"म्हणजे अजून एक टँक? अजून पाणी?" बायको. "त्यास्नी काय कोरोना झालाय व्हय रे?" आई.

आमच्याकडं नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळं घरातल्या प्रत्येक बादलीवर कुणाचा ना कुणाचा हक्क लागलेला असतो. उजनी भरली तरी हेच आणि आटली तरी हेच. पण एक फायदा सांगतो, पुण्या-मुंबईचे लोक नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला बाटलीतून थेंब टाकत बसतात, आमच्या पिंपात पाणी इतकं पडून असतं की साधं क्लोरीन कधीच उडून गेलेलं असतं.

टँक ठेवला फ्रिजशेजारी. खाली वाळू नाही, रंगीत दगड नाहीत, झाड नाही, नुसता काचेचा डबा, कारण तळ उघडा असला की घाण दिसते आणि उपसता येते. लपायला प्लंबरकडनं पीव्हीसी पाईपचा एक एल्बो आणला. चार काळ्या मोली आणून सोडल्या तर चारही त्या एल्बोत घुसल्या. शेजारच्या काकू आल्या, बघून म्हणाल्या, "काय ओ, मासे पाईपलाईनमधनं आले काय?"

आईला मी नीट समजावलं होतं. मासा दिसायला ठणठणीत असतो पण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सोबत घेऊन येऊ शकतो, त्यातला परजीवी आधी माशाच्या कातडीखाली बसतो, मग गळून तळाला चिकटतो, तिथं एकाचे शेकडो होतात आणि ते पोहत दुसरा मासा शोधायला निघतात, औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्यांना, कातडीखालच्याला काही होत नाही, म्हणून घाई चालत नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग खायला काय देऊ?"

खरा घोळ झाला स्पंज फिल्टरचा. हा स्पंज मी आधीपासून मोठ्या टँकमध्ये चालवून मुरवला होता, म्हणजे त्यात ते चांगले बॅक्टेरिया बसतात जे माश्यांच्या विष्ठेतला अमोनिया पचवतात, पहिल्यांदा त्याचं नायट्राईट आणि मग नायट्रेट करतात, नवीन टँकमध्ये हे नसलं तर मासे रोगानं नाही, स्वतःच्याच घाणीनं मरतात. असा तो मातकट, बुळबुळीत, लाखमोलाचा स्पंज. ऑफिसातनं घरी आलो तर भांड्यांच्या जाळीत वाळत होता. पिवळाधमक. भांड्याच्या साबणानं घासलेला.

"किती घाण बसली होती रे त्यात," आई म्हणाली, वर स्वच्छतेवर दोन शब्द ऐकवले ते वेगळेच.

साबणाचा स्पंज परत पाण्यात घालता येत नाही. नवा आणला, मोठ्या टँकच्या फिल्टरचा गाळ त्यावर पिळला, आणि तो मुरेपर्यंत रोज थोडं थोडं पाणी बदलणं आलं. म्हणजे परत बादली. बायकोनं तोडगा काढला, अहो, माश्यांचं काढलेलं पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला घाला, तेवढंच आमचं वाचेल. कढीपत्ता असा फुटला की अख्खी गल्ली न्यायला येती. औषध टाकलेलं पाणी मात्र झाडाला नाही, मोरीत, हा नियम मी दारावर लिहून लावलाय.

दुकानदार हीटर पण घ्या म्हणत होता. सोलापुरात, एप्रिलमध्ये! इथं पाणी आपोआप तिशीच्या पुढं जातं. उलट गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यात दुपारी लाईट गेली की एअर पंप बंद. मग आई स्टुलावर बसून तांब्यानं पाणी वरनं सोडायची, सीरियल बुडाली तरी चालेल.

मुदत संपली. एकाही मोलीला ठिपका नाही. जाळी घेऊन हलवायला गेलो तर एल्बोमागं बारकी बारकी पिल्लं. मोली अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच देतात, आणि पिल्लं दिसली की आयाच गिळतात, हे आईला सांगितल्यावर तिनं चारही मोलींना स्वतः मोठ्या टँकमध्ये घालवून दिलं, पिल्लांच्या टँकला हात लावायचा नाही म्हणाली.

आता एंजल मासे आणायचे आहेत. त्यांचा क्वारंटाईन कुठं करायचा विचारलं, तर बायको म्हणाली, "तुमच्या ऑफिसात."