पाचवं आउटलेट उघडताय? मग माणसं अशी सांभाळा

अभिनंदन! कोथरूडचं चाललं, औंधचं चाललं, विमाननगरला तर शनिवार-रविवारी वेटिंग असतं म्हणे, आणि आता हिंजवडीत पाचवं. कॉफी चिकमगळूरची, मशीन इटलीचं, भिंतीवर निऑन लागला, आता राहिली फक्त माणसं. मी दोन वर्षं अशाच एका वाढत्या चेनमध्ये एचआर बघत होतो, नाव नाही सांगत कारण माझं फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडल्यावरचा शेवटचा हिशेब, अजून यायचाय, पण शिकलो ते तुमच्या उपयोगी पडलं तर बरंच.

आधी 'कामगार' हा शब्द तोंडातून काढून टाका. स्टाफसुद्धा नको. फॅमिली म्हणायचं. फॅमिलीत ओव्हरटाइम नसतो हो, आईने दिवाळीच्या चकल्या तळून कधी दुप्पट दर लावलाय का? कायद्यात ओव्हरटाइमला दुप्पट आहे, पण हे माहीत असलेला पोरगा इंटरव्ह्यूतच ओळखू येतो, तो "ड्यूटी किती तासांची?" असं विचारतो. त्याला "कळवतो" सांगायचं आणि नाही कळवायचं.

माणसं कुठे मिळतात तर सदाशिव पेठ, नारायण पेठ, शास्त्री रोड. लातूर, नांदेड, बीडकडची पोरं एमपीएससी करायला येतात, कॉट बेसिसवर राहतात, महिन्याच्या वीस तारखेनंतर मेसचे पैसे संपत आले की कुठेही उभी राहायला तयार होतात. एकच अडचण, परीक्षा नेमकी रविवारी येते आणि रविवार म्हणजे आपला धंद्याचा दिवस. अशा वेळी "तू आधी ठरव तुला करिअर कशात करायचंय" असं खांद्यावर हात ठेवून विचारायचं. पोरगं आठवडाभर विचारात पडतं, तेवढ्यात रविवार निघून जातो.

आता महत्त्वाचा आकडा, १९. वीस माणसं झाली की पीएफ लागतो, म्हणजे पोराच्या पगारातून १२ टक्के आणि तेवढेच तुमच्या खिशातून. म्हणून कोथरूड वहिनींच्या नावावर, औंध मेव्हण्याच्या फर्मचं, विमाननगर सासऱ्यांचं, आणि कुठेच एकोणीसच्या वर जायचं नाही. सगळ्या शाखा मिळून एकच आस्थापना धरायची असं कायदा म्हणतो खरा, पण ते इन्स्पेक्टर आल्यावर बघू. इन्स्टाग्रामवर मात्र बिनधास्त टाका, '१ ब्रँड, ५ आउटलेट्स, ८० जणांची फॅमिली'. (माझ्या आधीच्या साहेबांनी टाकलं होतं. फोटोत सगळे मोजता येत होते.)

ड्यूटी लावणं ही खरी कला आहे. रात्री साडेबाराला क्लोजिंग, म्हणजे मशीन धुणं, फरशी पुसणं, वेस्टेज शीट भरणं, गल्ला जुळवणं, त्याच पोराला सकाळी साडेसहाला ओपनिंग द्यायचं, कारण किल्ली त्याच्याकडेच असते ना, उगाच दुसऱ्याला कशाला त्रास. रात्री पीएमटी नाही, रिक्षावाला हिंजवडीतून पेठेत यायचं म्हटलं की हसतो, मग पोरगा स्टोअर रूममध्ये दुधाच्या क्रेटशेजारी झोपतो. हे बघून तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, लिंक्डइनवर लिहा, आमच्या टीमचं पॅशनच इतकं आहे की घरी जातच नाहीत.

यापेक्षा भारी ब्रेक शिफ्ट. आठ ते बारा काम, मग चार तास 'मोकळा', मग चार ते नऊ. कागदावर नऊच तास भरतात आणि पोरगं तेरा तास हाताशी राहतं. मधले चार तास तो समोरच्या अमृततुल्यच्या बाकड्यावर बसून असतो. तिथे चहा दहा-पंधरा रुपयांना मिळतो आणि उठ म्हणून कुणी सांगत नाही, त्यामुळे आपल्या फॅमिलीची सगळी मीटिंग तिथेच होते, आपल्याला फक्त बोलावत नाहीत.

मुलींचं जरा नाजूक आहे. दुकानांच्या २०१७ च्या कायद्यात रात्री साडेनऊनंतर थांबवायचं तर तिची संमती लागते, सुरक्षितता लागते, घरी सोडायची गाडी लागते. संमती जॉइनिंग फॉर्मच्या सातव्या पानावर बारीक अक्षरात घेऊन टाका. आणि गाडी? तिला मित्र असेल ना कुणीतरी.

ट्रेनिंगला कंजूषपणा नको. अठरा ग्रॅम कॉफी, पंचवीस ते तीस सेकंदांत शॉट, दूध साठ-पासष्ट डिग्रीच्या वर जाऊ द्यायचं नाही, हे सगळं शिकवा, आणि शिकवल्याबद्दल एक वर्षाचा बाँड लिहून घ्या. सोबत बारावीची ओरिजिनल मार्कशीट. "सेफ राहील आमच्याकडे" असं म्हणायचं. महिन्याभरात पोरगा हातात दुधाचा जग धरून फेसावर सुंदर पान काढायला लागेल, गिऱ्हाईक फोटो काढेल, त्या एका कपाची किंमत ज्या दिवशी त्याने स्वतःच्या दिवसाच्या मजुरीशी ताडून पाहिली त्या दिवसापासून पान जरा वाकडं यायला लागेल. मग त्याला वॉर्निंग लेटर द्या, प्रेझेंटेशनबद्दल.

टिपचा डबा उचलून तिथे क्यूआर लावा. खातं कुणाचं हे गिऱ्हाईक विचारत नाही.

इन्क्रिमेंटचा विषय मार्चमध्ये निघतो. त्याच्या आधीच, फेब्रुवारीत, सगळ्यांना नवी पदं वाटून टाका. जो फरशी पुसतो तो गेस्ट एक्स्पीरियन्स असोसिएट, जो क्लोजिंग करतो तो शिफ्ट लीडर, शिफ्ट लीडर झाला की त्याला ओव्हरटाइम मागता येत नाही असं त्यालाच वाटायला लागतं. खर्च म्हणाल तर नव्या बॅजेसचा, तोही पहिल्या पगारातून कापता येतो.

आणि तरी पोरं जातील. व्हॉट्सॲप ग्रुपवर एक दिवस नुसतं 'लेफ्ट' दिसेल, नोटीस नाही, काही नाही, मार्कशीटसुद्धा सोडून जातील. डुप्लिकेट मिळते हे त्यांना आता कळलंय, बाकड्यावरच कुणीतरी सांगितलं असणार. तुम्ही मालकांच्या ग्रुपमध्ये "आजकालच्या पिढीला कष्टच नकोत" असं टाका, पाच मिनिटांत चाळीस अंगठे येतात.

काचेवरचा 'कामाला मुलं-मुली पाहिजेत' हा कागद मात्र दरवेळी नवा छापत बसू नका. अप्पा बळवंत चौकात जाऊन एकदाच लॅमिनेट करून घ्या. पाच कॉप्या.