पालथ्या ताटल्यांचा संसार

आमच्या घरात जेवायला स्टीलची ताटं आहेत आणि बघायला चिनी मातीच्या ताटल्या. त्याही पुढून नाही, मागून बघायच्या. माझ्या नवऱ्याला जुन्या, हाताने रंगवलेल्या इंग्लिश ताटल्या जमवण्याचा नाद आहे, आणि या नादातली माणसं ताटली हातात आली की आधी ती पालथी घालतात. पुढे कुणीतरी जीव ओतून रंगवलेला गुलाब जमिनीकडे तोंड करून ताटकळतो आणि हे महाशय भिंग लावून बुडावरचा शिक्का वाचत बसतात.

आता मलाही ते सगळं पाठ झालंय. शिक्क्यात पतंगाच्या आकाराचा चौकोन असेल तर नक्षीची नोंदणी १८४२ ते १८८३ मधली. नुसतं ‘इंग्लंड’ असेल तर बहुधा १८९१ नंतरची, कारण तेव्हापासून अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर बहुतेक विसावं शतक. आणि ‘स्थापना १७५९’ वाचून हुरळून जायचं नाही. ते कारखान्याचं वय, ताटलीचं नव्हे.

मागे एका मराठी कुटुंबाकडे सत्यनारायणाला गेलो होतो. यजमानांनी कौतुकाने ठेवणीतल्या ताटल्या काढल्या होत्या. मसालेभात वाढून झाला, कोशिंबीर पडली, आणि याने ताटली सावकाश डोक्याच्या वर उचलली आणि खालून बघायला लागला. काकडीचं दही माझ्या साडीच्या पदरावर. यजमानीणबाई धावत आल्या, “केस निघाला का हो?”

आम्ही राहतो इंग्लंडमध्ये, डर्बीला, म्हणजे मुळात चिनी मातीच्याच गावात. बर्सलेम, हॅन्ली, लाँगटन वगैरे सहा गावं मिळून झालेलं स्टोक-ऑन-ट्रेंट तासाभराच्या अंतरावर. सांगलीहून इंजिनिअर होऊन निघालेल्या मुलाला नोकरी नेमकी इथेच मिळावी, याला मी काय म्हणू?

रविवारी पहाटे कार बूट सेल. ओल्या गवताच्या मैदानात लोक गाड्यांच्या डिक्क्या उघडून घरातली अडगळ विकतात आणि मुरलेले व्यापारी अंधारात बॅटऱ्या घेऊन फिरतात. “आवडलं तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही,” अशी मला सक्त ताकीद आहे. मी दाखवत नाही, कारण तोवर माझा चेहरा गारठलेला असतो. माझं काम एकच, ताटली वाजवायची. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारतो तशीच. खणखणीत वाजली तर धड, बद्द वाजली तर कुठेतरी तडा. या कामात मी त्याच्यापेक्षा तरबेज आहे, आणि ते तो चारचौघांत कबूल करत नाही.

लिलावाची तऱ्हा वेगळीच. हातोडा शंभर पौंडांवर पडला की त्यावर लिलाववाल्यांचा साधारण पाव हिस्सा आणि त्या हिश्श्यावर पुन्हा कर. मी काही बोलले की हा थेट रशियात जातो. “सम्राज्ञी कॅथरीनने वेजवुड या इंग्लिश कारखान्याकडून एकाच वेळी ९५२ नग मागवले होते, १७७४ मध्ये पुरे झाले. सगळ्यांवर ब्रिटनमधली हातरंगी दृश्यं आणि प्रत्येक नगावर एक हिरवा बेडूक!” मी म्हणते, तिच्याकडे राजवाडा होता. आपल्याकडे भाड्याचं घर आहे आणि घरमालकाने भिंतीला खिळा ठोकायची बंदी केलीय. म्हणून ताटल्या पलंगाखाली, प्रत्येक दोघींच्या मध्ये फेल्टची चकती. त्यांत वाढायचं नाही, कारण जुन्या रंगांत शिसं असतं आणि लिंबाच्या लोणच्याने ते सुटतं. मायक्रोवेव्हमध्ये ठेवल्या तर सोनेरी कडेवर ठिणग्या उडतात. भांडी घासायच्या यंत्राचं तर नावच काढायचं नाही.

एक ताटली मात्र मलाही आवडते. क्लॅरिस क्लिफ या बाईच्या बर्सलेमच्या कारखान्यातली. तिथे पडून असलेला जुना, खोट असलेला पांढरा माल हिने १९२० च्या दशकाच्या अखेरीला भडक त्रिकोण रंगवून खपवला आणि त्याला नाव दिलं ‘बिझार’, म्हणजे विचित्र! मग हाताखाली पोरी घेतल्या. एकीने रेघा ओढायच्या, दुसरीने रंग भरायचे, तिसरीने फिरत्या चाकावर कडेचे पट्टे. ताटली उजेडात तिरकी धरली की नारिंगी रंगातले कुंचल्याचे फराटे दिसतात. जिथे हात उचलला तिथे रंग साचून किंचित वर आलाय, बोटाला लागतो. टाकाऊ माल रंगवून विकणारीचं कौतुक वाटतं. त्याचे हप्ते आमच्या पगारातून जातात एवढंच.

मग उन्हाळ्यात सासूबाई आल्या. पहिल्याच चहाला लेकाने माहिती पुरवली, “आई, या कपाला बोन चायना म्हणतात. स्पोड नावाच्या इंग्लिश कुंभाराने बसवलेली रीत. यात जवळजवळ निम्मी जनावरांच्या हाडांची राख असते.” आईंनी कप खाली ठेवला. उरलेला मुक्काम चहा स्टीलच्या वाटीतून झाला.

संध्याकाळी त्याने आपली लाडकी ताटली काढली. कडेने फुलांची वेल, सौदा महागातला. आईंनी ती चष्म्याशी नेली आणि म्हणाल्या, “हे हाताने काढलंय म्हणतोस? अरे, हे पान आणि ते पान एकसारखं. इथला देठ वाकलाय तस्साच तिथलाही वाकलाय. आणि इथे वेल जोडताना अर्धं फूल कापलंय बघ. जन्मभर रांगोळी काढली मी. हाताला दोनदा सारखं येत नाही.”

भिंगाखाली बारीक ठिपके दिसले. छापील. नवरा बराच वेळ शिक्क्याकडे बघत राहिला. शिक्का अगदी खरा होता.

परत जाताना आईंनी तीच ताटली मागितली. हळद आणि भडंगाच्या रिकाम्या पिशव्यांत गुंडाळून सांगलीला नेली आणि गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली ठेवली. आता दर रविवारी फोनवर हा विचारतो, “आई, पाणी साचून शिक्का जाणार नाही ना?”

“कुंडी उचलून बघायला मला वेळ नाही,” आई म्हणतात. “तू ये आणि बघ.”