पिकात वाटा, तसा नुकसानीतही

अन्नाच्या नव्या पर्यायांचा विषय निघाला की बोलणं लगेच यंत्रांकडे वळतं. दहा मिनिटांत दारात येणारी भाजी, बंद गोदामात दिव्यांखाली वाढणारं लेट्यूस, मातीविना पाण्यात सोडलेली मुळं. मला यातल्या कशाचाही राग नाही. पण तीन वर्षांपासून मी एका शेताचा सभासद आहे, आणि आता कुठलाही नवा पर्याय समोर आला की एकच विचारतो : पीक बुडालं तर नुकसान कोणाचं?

आमच्याकडे हंगामाआधीच सगळे सभासद मिळून शेताचा वर्षाचा खर्च उचलतात. बियाणं, खत, मजुरी, आणि शेतकऱ्याचं घर चालेल एवढी रक्कमही त्यात धरलेली असते. मग दर आठवड्याला जे निघेल ते सगळ्यांत वाटायचं.

दुसऱ्या वर्षी टोमॅटोवर करपा आला. पानांवर आधी ओलसर डाग, मग बघता बघता झाडंच्या झाडं काळी. त्या आठवड्यात माझ्या टोपलीत दोनच टोमॅटो होते, त्यातल्या एकाला देठाशी तडा गेलेला. खरं सांगतो, पहिल्यांदा मनात आलं, पैसे भरलेत मग माल कुठे? त्या रविवारी शेतावर गेलो. शेतकरी काळी पडलेली झाडं उपटून गोणीत भरत होता. म्हणाला, "टोमॅटो संपले यंदा. कोबी मात्र चांगला धरलाय." आवाजात वाईट वाटणं होतं, पण धास्ती नव्हती. माल नेऊन विकायचा असता तर त्याला त्याच आठवड्यात कर्ज शोधावं लागलं असतं. इथे ते नुकसान घराघरांत वाटलं गेलं होतं, माझ्या वाट्याला आले ते काही टोमॅटो कमी. एवढं मी सोसू शकतो. तो एकटा सगळं सोसू शकत नाही.

ही कल्पना काल-परवाची नाही. जपानमध्ये 1970 च्या दशकात कीटकनाशकांच्या काळजीने गृहिणींनी शेतकऱ्यांशी थेट बांधून घेतलं, त्याला ते 'तेइकेई' म्हणतात. अमेरिकेत 1986 मध्ये मॅसॅच्युसेट्समधलं इंडियन लाइन आणि न्यू हॅम्पशरमधलं टेंपल-विल्टन ही दोन शेतं अशाच भागीदारीवर उभी राहिली.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खराच आहे : आगाऊ पैसे भरणं ज्याच्या-त्याच्या आवाक्यातलं नसतं. जर्मनीतल्या अनेक शेतांनी यावर काढलेला मार्ग मला फार आवडतो. वर्षाचा खर्च सगळ्यांसमोर मांडतात. मग प्रत्येकाने आपल्याला झेपेल तो आकडा चिठ्ठीवर लिहायचा, नाव न सांगता. बेरीज कमी पडली तर पुन्हा चिठ्ठ्या. कुणी जास्त देतं, कुणी कमी, पण टोपली सगळ्यांना सारखीच. आमच्या शेतानेही हीच पद्धत घेतली आहे.

आता दिव्यांखालच्या शेतीचं. पालेभाजी बुटकी असते, लवकर तयार होते, म्हणून तिथे जमते. धान्याला लागणारा सगळा उजेड विजेतून द्यायचा तर खर्चाचा मेळ बसत नाही. अशी शेती करणाऱ्या अमेरिकी कंपन्यांपैकी एरोफार्म्सने जून 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, बावरी 2024 च्या अखेरीस बंदच पडली. तिथली जोखीम गुंतवणूकदारांनी उचलली होती, पण नफा दिसेना म्हटल्यावर त्यांनी हात काढून घेतला. जेवणारा माणूस असा हात काढून घेऊ शकत नाही, त्याला उद्याही भूक लागणारच असते.

आणि झटपट घरपोच सेवा? वेग वाढला, पण वेडंवाकडं गाजर आजही निवडून बाजूला काढलं जातं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाने 2022 मध्ये दुकानं, उपाहारगृहं आणि घरं मिळून 105 कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातला मोठा वाटा घरांचा. माझ्या टोपलीत दोन पायांची गाजरं येतात, मातीसकट. ज्याने ती उपटली त्याला ओळखत असल्यामुळे ती टाकायला माझा हात धजत नाही.

पुढच्या आठवड्यात चिठ्ठ्यांची बैठक आहे. या वर्षी मी थोडा मोठा आकडा लिहिणार आहे, कारण आमच्यातल्या कुणाला तरी लहान लिहावा लागणार आहे आणि त्याने तो बिनसंकोच लिहावा.