सेवाभाव असला तरी नर्स थकते
१२ मेला, परिचारिका दिनी, एकच मेसेज मला आठ जणांनी पाठवला. मनात सेवाभाव असेल तर नर्स थकत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने कधी तक्रार केली नाही. ताण वाटलाच तर पंधरा मिनिटं ध्यान करा आणि ड्यूटीचं ड्यूटीवर सोडून घरी जा, असं त्यात होतं. पाठवणाऱ्यांत माझ्या दोन विद्यार्थिनी होत्या, म्हणून लिहिते आहे.

नाइटिंगेलबाईंनी तक्रार केली नाही? क्रिमियन युद्धाहून परतल्यावर त्यांनी आकडे मांडून दाखवलं, की जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनी जास्त सैनिक गेले, आणि सरकारचा पिच्छा पुरवला. त्या स्वतः इतक्या आजारी पडल्या की पुढची कित्येक वर्षं बरंचसं काम अंथरुणावरून केलं. त्यांचा सेवाभाव कमी पडला का?

थकवा मनाचा खेळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची नोंद केली आहे ती कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. शक्ती संपते, कामाचा तिटकारा येतो, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटतं. आज पेशंटवर खेकसणारी सिस्टर कधीकाळी वॉर्डातली सगळ्यांत मायाळू असू शकते. मी अशा पाहिल्या आहेत.

खरा प्रश्न माणसांचा आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे अध्यापन रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स हवी. मी नाईटला ४२ पेशंट एकटीने सांभाळले आहेत, त्यांतले नऊ खाली गाद्यांवर. रात्री दोनला एकाचं सलाईन संपत आलेलं, दुसऱ्याला धाप लागलेली, दारात नवीन ॲडमिशन. डबा सकाळी तसाच घरी. २००२ साली नर्सिंग संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नर्समागे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, नर्सच्या बर्नआउटची २३ टक्क्यांनी. आणि तिथे तुलना होती ती चार ते आठ पेशंटांची!

ध्यानाला माझा विरोध नाही, मी रोज प्राणायाम करते. पण त्याने नाईटला दुसरी सिस्टर येत नाही.

राहिलं ड्यूटीचं ड्यूटीवर सोडणं. सकाळी घरी डोळा लागतो न लागतो तोच दचकून जाग येते: अकरा नंबरचं दोनचं इंजेक्शन केसपेपरवर लिहिलं ना? ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला वॉर्डाची माहिती, निवांत देता आली असती तर ही धास्ती सोबत आली नसती.

मुलींनो, रोज ओव्हरच्या वहीत तारीख, पेशंट किती, सिस्टर किती, एवढं लिहा. महिन्याकाठी मेट्रनकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आमच्या वॉर्डात तीन महिन्यांच्या नोंदी पुढे ठेवल्यावर नाईटला दुसरी सिस्टर मिळाली. त्या पहिल्या रात्री साडेबाराला मी डबा उघडला, आणि भाजी अजून कोमट होती.