भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय ताबा घेऊ नये

घर घेताना काय पाहावे, यावरील लेखात कर्जाचा हप्ता आणि परिसर यांविषयी दिलेला सल्ला योग्यच आहे. परंतु भोगवटा प्रमाणपत्राचा (ओसी, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला) उल्लेख एकाच ओळीत उरकला आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक फसगत तिथेच होते. आम्ही ठाण्यात सदनिका घेतली तेव्हा ‘ओसी महिनाभरात येईल’ या बिल्डरच्या शब्दावर विसंबून किल्ल्या घेतल्या, आणि ओसी न आल्याने पालिकेचे पाणी मिळाले नाही; पुढची चार वर्षे रोज सकाळी फाटकाशी टँकर येऊन टाकी भरेपर्यंत घरातले नळ कोरडे असत. आता महारेराच्या (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला, की मंजुऱ्या, काम पूर्ण होण्याची तारीख, जमिनीवरील बोजा आणि न्यायालयीन दावे यांची माहिती घरबसल्या पाहता येते; तेवढा एक तास अवश्य काढावा. विक्री करारनाम्याची नोंदणी होण्यापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 13 ने मनाई केली आहे, हे बुकिंगचा धनादेश लिहिताना लक्षात असू द्यावे. जुने घर घेत असाल, तर सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण (जमीन व इमारतीची मालकी करून देणे) झाले आहे का, हे सचिवांना विचारावेच, कारण जमीन विकासकाच्याच नावावर राहिली असेल, तर पुनर्विकासाच्या वेळी घोडे तिथेच अडते.