‘मोबाइल नंबरच ठेवा पासवर्ड’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला सहा ग्रुपवरून आला. त्यात दोन ग्रुप भाऊबंदकीचे, एक केळीच्या भावाचा, एक दहावीच्या बॅचचा. भुसावळला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून लोक मेसेज टाकतात आणि खाली विचारतात, ‘खरं आहे का हो?’ सहा ठिकाणी तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: घरच्या वायफायच्या पासवर्डचा बाऊ करू नका. प्लॅन अनलिमिटेड आहे, कुणी थोडं वापरलं तर बिघडलं काय? आठ-दहा आकडे पुरेत, त्यातही स्वतःचा मोबाइल नंबर सगळ्यात चांगला, कारण तो विसरत नाही. आणि दोन-चार वेळा चुकीचा टाकला की राऊटर आपोआप बंद होतं. फारच भीती वाटत असेल तर वायफायचं नाव लपवा आणि ठरावीक फोनच चालतील असं सेटिंग करा. ते पुरत नसेल तर दर महिन्याला पासवर्ड बदला. आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य: हॅकर पुण्या-मुंबईला असतात, खान्देशात कोण येतंय.

आधी नंबरचं बोलू, कारण मेसेज पसरला तो त्या एका सल्ल्यामुळे. लोकांना तो पटतो, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर एटीएम असतं. तीनदा पिन चुकला की कार्ड अडकतं, तसंच वायफायचं असणार असं त्यांना वाटतं. वायफायचं तसं नाही. तुमचा फोन राऊटरला जोडला जातो तेव्हा दोघांत चार संदेशांची देवघेव होते. त्यात पासवर्ड उघडा जात नाही, पण त्यापासून बनलेली एक खूण हवेतून जाते. गल्लीत उभा राहून कुणी तेवढे संदेश टिपून घेतले की त्याचं तुमच्या दाराशी काम संपलं. तो घरी जातो आणि जळगावच्या सराफाने कसोटीवर सोनं घासून पाहावं तसा एकेक अंदाज त्या खुणेवर घासून पाहतो. जुळला की पासवर्ड मिळाला. यात राऊटरला पत्ताच नसतो, मग ते कशाला बंद होईल?

आता हिशेब करू. वायफायला कुलूप लावायची, बहुतेक घरांत चालणारी पद्धत म्हणजे डब्ल्यूपीए२. तिचं मानक २००४ सालचं. त्या वेळच्या लोकांनी विचार केला होता: प्रत्येक अंदाजासाठी तेच गणित ४०९६ वेळा करावं लागतं, म्हणजे तपासणारा दमेल. तेव्हा दमतही असेल. आज पोरं गेम खेळायला जे ग्राफिक्स कार्ड घेतात त्यातलं चांगलं कार्ड सेकंदाला दहा लाखांहून जास्त अंदाज तपासतं. आपण दहा लाखच धरू. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे शक्य नंबर झाले ४०० कोटी. भागाकार केला तर ४००० सेकंद, म्हणजे सुमारे ६६ मिनिटं, आणि तीही सगळे नंबर संपवायला. नुसते आठ आकडे असतील तर शंभर सेकंद. जन्मतारीख असेल तर शंभर वर्षांच्या मिळून साडेछत्तीस हजार तारखा होतात, ते काम पापणी लवायच्या आत होतं. गावाच्या नावापुढे ॲटचं चिन्ह आणि १२३ लावणाऱ्यांनी फार हुशारी केली असं समजू नये. असे पासवर्ड अंदाजांच्या यादीत पहिल्या पानावर असतात.

आणि नंबरला मशीन तरी कशाला हवं? हा मेसेज मला पहिल्यांदा पाठवणारे आमच्या नात्यातले एक आबा आहेत. यावल तालुक्यात त्यांचं कृषी केंद्र आहे. दुकानावर चार फुटी पाटी, पाटीवर दोन नंबर. त्यातला वरचा नंबर हाच वायफायचा पासवर्ड. युरियाची गोणी न्यायला आलेला कुणीही मान वर करून वाचू शकतो. यात आबांचीही फारशी चूक नाही. नेट बसवायला आलेला पोरगा विचारतही नाही, ग्राहकाचा नंबर टाकतो आणि सही घेऊन निघतो. माझ्याकडे येणाऱ्या राऊटरांत हे इतक्या वेळा पाहिलंय की आता मी आधी नंबरच टाकून बघतो.

मग ठेवायचं काय? लांबी. पासवर्ड आठपासून ६३ अक्षरांपर्यंत ठेवता येतो, आणि आपण आठावरच थांबतो. दोन हजार साध्या शब्दांतून चिठ्ठ्या टाकून पाच शब्द उचला आणि रोमन लिपीत लहान अक्षरांत सलग लिहा. शक्य जोड्या होतात ३२ वर पंधरा शून्यं, वाचता येणार नाही असा आकडा. त्याच कार्डाला तो संपवायला हजार वर्षं लागतील. कुणी शंभर कार्डं आणली तरी दहा वर्षं, आणि तुमच्या वायफायसाठी शंभर कार्डांचं वीजबिल कोण भरतंय? फक्त शब्द चिठ्ठीनेच उचला. मनाने निवडायला बसलात की आई, बाबा, तापी, भरीत येणार. माणसाचं मन फार लांब जात नाही. अहिराणी शब्द आले तर चांगलंच, पण नुसती अहिराणी आहे म्हणून दोन शब्दांवर भागवू नका.

इथे मेसेज लिहिणाऱ्याच्या लक्षात न आलेली एक गोष्ट सांगतो, कारण ती लांब पासवर्डलाही मातीत घालते. बऱ्याच राऊटरवर डब्ल्यूपीएस नावाचं बटण असतं, पासवर्ड न टाकता फोन जोडायला. त्याच्यासोबत आठ आकडी पिनही असतो. आठवा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, आणि राऊटर पिन दोन तुकड्यांत तपासतं: आधी पहिले चार आकडे, मग उरलेले. म्हणजे दहा कोटी सोडाच, १०,००० आणि १,००० मिळून फक्त ११,००० अंदाज. ही खोट २०११ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाली. पुढे बऱ्याच राऊटरांत चुकांवर लगाम आला, पण आपल्याकडे दहा-दहा वर्षं डबा बदलत नाहीत. सेटिंगमध्ये डब्ल्यूपीएस दिसलं की बंद करा. तिथेच डब्ल्यूपीए३ दिसलं तर ते निवडा. २०१८ पासून आलेल्या या पद्धतीत संदेश टिपून घरी बसून अंदाज लावायची वाटच बंद केली आहे. जुने फोन त्याला जोडले जात नसतील तर दोन्ही मिळून चालणारा पर्याय असतो. तो घेतला तर मात्र वरचा हिशेब लागू राहतो. आणि डब्ल्यूईपी ही सगळ्यात जुनी पद्धत दिसली तर राऊटरच भंगारात द्या. ती पद्धत २००१ सालीच मोडीत निघाली.

आता ‘वापरलं तर बिघडलं काय’. शेजाऱ्याला नेट देण्याला माझी ना नाही. परीक्षेचा फॉर्म भरायला, पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला, कुणाच्या घरचं नेट गेलं की आपण देतोच. प्रश्न न विचारता घेणाऱ्याचा आहे. तुमच्या वायफायवरून जे जे होतं ते बाहेरच्या जगाला तुमच्या जोडणीवरून झालेलं दिसतं. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. जबाबदारी घेणारा ईमेल आला होता, तो नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरातल्या वायफायवरून. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ईमेल चेंबूरमधल्या वायफायवरून गेला होता. दोन्ही वेळा तपास करणारे आधी पोचले ते जोडणीच्या मालकाकडे. ज्यांनी पाठवलं ते केव्हाच निघून गेले होते. आता इतकं मोठं काही आपल्या गल्लीत घडेल असं मी म्हणत नाही. पण कुणाला घाणेरडे मेसेज गेले, कुणाला ऑनलाइन फसवलं, तरी पहिला फोन ज्याच्या नावावर बिल आहे त्यालाच येणार. ‘तो मी नव्हेच’ हे तुम्हाला तिथे बसून सांगावं लागेल.

उलट एक भीती मात्र उगाच पसरवली जाते, आणि तिला विरोध म्हणूनच हा मेसेज जन्मला असावा: वायफायमध्ये कुणी शिरला की बँक खातं रिकामं झालंच. तसं सरळ होत नाही. बँकेचं ॲप आणि फोन यांच्यातलं बोलणं स्वतंत्रपणे कुलूपबंद असतं, वायफाय उघडं असलं तरी. आत शिरलेल्याच्या हाताला लागतं ते वेगळं: कॅमेऱ्याचा डीव्हीआर म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, टीव्ही, प्रिंटर आणि मुख्य म्हणजे राऊटरचं स्वतःचं सेटिंगचं पान. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकलं की ते उघडतं. त्याचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डाहून वेगळा असतो, आणि तो डब्याखालच्या स्टिकरवर छापलेला ‘ॲडमिन-ॲडमिन’ तसाच राहिलेला मी रोज बघतो. तिथून राऊटरला ‘अमुक साइटचा पत्ता विचारायचा तर या खोट्या माणसाला विचार’ असं शिकवता येतं. मग तुम्ही बरोबर नाव टाकूनही भलत्याच दारात जाता. ब्राउझर लाल इशारा देतो, पण आपण तो किती वेळा वाचतो? म्हणून पासवर्ड दोन बदलायचे असतात, एक नाही.

नाव लपवण्याचा सल्ला ऐकायला फार शहाणा वाटतो. प्रत्यक्षात राऊटर आपलं नाव सांगायचं थांबवतं, आणि तुमचा फोन सांगायला लागतो. लपवलेलं वायफाय शोधायचं तर फोनला नाव घेऊनच हाक मारावी लागते. म्हणजे घराची पाटी काढून ठेवली आणि घरमालक जळगावच्या स्टँडवर उभा राहून आपल्याच घराला नावाने हाका मारतोय. ठरावीक फोनच चालू देण्याचंही तेच: राऊटर फोन ओळखतं ते त्याच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे फोनच्या वायफायच्या ओळख क्रमांकावरून, आणि तो हवेत उघडाच जातो. ऐकणारा तो टिपतो आणि आपल्या लॅपटॉपला तोच लावतो. घरातल्या पोरांचं नेट रात्री दहाला बंद करायला ते सेटिंग ठीक आहे. चोरासाठी नाही.

दर महिन्याला बदलण्याबद्दल फार लिहीत नाही. असे नियम जगभर पसरले त्यांचं मूळ अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेच्या २००३ सालच्या मार्गदर्शिकेत होतं. ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये आपल्याला त्याचा पस्तावा होतो असं सांगितलं, आणि त्याच वर्षी निस्टनेही ठरावीक मुदतीने बदलायची सक्ती करू नका असं लिहिलं. सक्तीने बदलणारा माणूस पासवर्डातला शेवटचा १ काढून २ लावतो. भाडेकरू गेला, कामावरचा पोरगा सोडून गेला, फोन चोरीला गेला, तेव्हा बदला. कानबाईला रोट खायला तीस भाऊबंद येतात आणि प्रत्येकाच्या पोराला नेट हवं असतं, त्यासाठी राऊटरमध्ये पाहुण्यांचं वेगळं वायफाय चालू करता येतं. विसर्जन झालं की ते बंद करायचं. कारण मुख्य पासवर्ड एकदा एका फोनमध्ये गेला की तो फोन चौकोनी कोड दाखवून पुढच्याला देतो, पुढचा त्याच्या पुढच्याला.

राहिलं खान्देशचं. ‘आपला गावमा कोन येस चोराले?’ हे मला आबांनीच ऐकवलं. कुणी येत नाही, हे खरंच आहे. यायची गरज नसते. २०१६ मध्ये मिराई नावाचा प्रोग्राम इंटरनेटवर पसरला. तो एकापाठोपाठ एक पत्ते ठोठावत जायचा आणि कारखान्यात घातलेले साठेक नाव-पासवर्ड लावून पाहायचा. जिथे दार उघडलं तो कॅमेरा किंवा राऊटर त्याच्या फौजेत. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशा फौजेने अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट तासन् तास बंद पाडल्या. तो प्रोग्राम लिहिणारी तीन तरुण पोरं होती, आणि सुरुवात झाली होती एका व्हिडिओ गेमच्या सर्व्हरवरून, हे वाचून मी कपाळाला हात लावला होता. त्या प्रोग्रामला ठोठावलेलं दार यावलचं आहे की न्यूयॉर्कचं, हे कळतच नव्हतं.

शिवाय गल्लीतला माणूस परका असतोच असं नाही. मे महिन्यात गच्चीवर झोपतो तेव्हा तिथे नेट यावं म्हणून आपणच राऊटर जिन्यात टांगतो. मग ते समोरच्या तीन गच्च्यांवरही जातं, आणि तिथे दहावी झालेली, सुट्टीत रिकामी बसलेली, यूट्यूबवर सगळं शिकलेली पोरं असतात.

गेल्या रविवारी आबांकडे जाऊन मी स्वतःच पासवर्ड बदलला. काकूंनी चिठ्ठ्या उचलल्या, पाच शब्द निघाले, एकतीस अक्षरं झाली. फोन पटकन जोडले. कॅमेऱ्याचा डीव्हीआर जोडला. मग टीव्ही राहिला. रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर गाठत आबा सोफ्यावर बसले, सतराव्या अक्षराला चुकले, पुन्हा पहिल्यापासून आले. ‘इतला लांब पासवर्ड कसाले रे भो?’ म्हणत त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला. मीही एकदा चुकलो.