काकांचं नाक आणि दीडशेची लेन्स

भाऊकाकांचं नाक ही आमच्या घराण्याची गोव्यात, फोंडा तालुक्यातली एकमेव स्थावर मालमत्ता, जिच्यावर अजून कुणा कुळाने किंवा मुंडकाराने (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याने) दावा लावलेला नाही. जत्रेच्या नाटकांत याच नाकाच्या जोरावर त्यांनी जन्मभर राजाची कामं केली. आता त्यांना एक चांगला फोटो हवाय. कशाला, तेही त्यांनी लपवलं नाही. "उद्या पेपरात द्यायची वेळ आली की तुम्ही आधारकार्डावरचा द्याल, पुता. ओळखतो मी तुम्हाला."

माझ्याकडे हॅसलब्लाड ५०० सीएम हा फिल्मचा कॅमेरा आहे, त्यावर ८० मिलिमीटरची प्लॅनार लेन्स. सहा बाय सहा सेंटिमीटरच्या निगेटिव्हला ही नॉर्मल लेन्स, म्हणजे ना रुंद, ना लांब. पण तिने चेहरा भरायचा तर मीटरभरावर जावं लागतं, आणि तिथून काकांचं नाक पुढे सरसावतं, कान मागे राहतात. लोक लेन्सला नावं ठेवतात. खरा गुन्हेगार अंतर. त्याच जागेवरून कुठलीही लेन्स लावा, नाक तेवढंच निघणार. लांब लेन्स फक्त आपल्याला सभ्य अंतरावर उभं करते.

म्हणून १५० मिलिमीटरची लांब लेन्स, सॉनार, एफ ४ (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं). सगळे जाणकार हिचंच नाव घेतात. पण ती १.४ मीटरच्या आत फोकस होत नाही. नुसता चेहरा हवा तर कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायची नळी, एक्स्टेन्शन ट्यूब, वेगळी घ्या. १२० ची माक्रो-प्लॅनार जवळ जाते, पण इतकी धारदार, की दाढीत राहून गेलेला प्रत्येक खुंट हजेरी लावतो. ११० ची एफ २ बघून तर जीवच गेला. पण माझ्या कॅमेऱ्याचं शटर लेन्समध्ये असतं आणि या बाईंना शटरच नाही. पत्रिका जुळेना.

एक मित्र म्हणाला, "हा कॅमेरा सोड, मामिया आरबी ६७ घे, त्याला १८० ची लेन्स लाव. फोकसला भाता आहे, हवं तितकं जवळ जा." जाईन, पण ते धूड उचलून जाणार कोण?

शेवटी एक जुनी सॉनार सापडली. किंमत ऐकून नाकापेक्षा मोती जड वाटला. वर विकणारा म्हणतो, "आत किंचित बुरशी आहे, फोटोत दिसत नाही." अहो, फोंड्याच्या पावसाळ्यात माझ्या पट्ट्यावर ती फुकट उगवते! तिचे पैसे कोण मोजणार? मग एकाकडून दोन दिवसांच्या बोलीवर लेन्स मागून आणली.

राजांगणातल्या उजेडात काकांना बसवलं. वरून बघायच्या फाइंडरमध्ये डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे मी त्यांना सरकवत सरकवत तुळशीपर्यंत नेलं. "खाली काय बघतोस? मी इथे वर आहे!" एफ ४ ला डोळ्यावर फोकस धरला की कान धूसर, आणि काका श्वास घेतला तरी डोलतात.

डोळा धरून बटण दाबणार, तोच त्यांनी मान वळवली. राजा म्हणे सिंहासनावर असाच बसतो. बाराच्या बारा फ्रेम त्यांनी बाजूने दिल्या. बाजूने नाक लेन्सकडे येतच नाही. ऐंशीनेही भागलं असतं.

प्रिंट हातात घेऊन काकांनी नाकाच्या कडेवरून बोट फिरवलं. चेहरा खुलला. मग म्हणाले, "बरा आलाय. पण काळा-पांढरा कशाला रे? पेपरात आता रंगीत छापतात."